लुडो खेळताय की नाणी गोळा करताय?

जून-जुलैत मासेमारी बंद असते. डहाणू तालुक्यातल्या वरोरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात बाहेर धो धो पाऊस, आणि हातात मोबाइल. लुडोची रूम उघडायची, कोड मुंबईच्या भावाला पाठवायचा. तास कुठे जातो कळत नाही. पण ही खरी मजा, की नाण्यांची चटक?

नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला. त्यात दोन्ही आहे. भावाची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारण्याचा आनंद वेगळा, आणि रोज ॲप उघडलं म्हणून मिळणारी नाणी वेगळी.

नुसत्या चटकेवर खेळ चालतो का? अमेरिकेतले गेम अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी 'फार्मव्हिल'सारख्या खेळांची टर उडवायला २०१० मध्ये 'काऊ क्लिकर' बनवला. सहा तासांतून एकदा गायीवर क्लिक करायचं, बस्स! हजारो लोक ते करू लागले. पुढच्या वर्षी बोगोस्ट यांनी गायीच गायब केल्या, तरी काही जण रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले. (हसू नका, आपणही मध्यरात्री नाणी घेतोच की.)

लुडोतली नाणी काढली तरी पुठ्ठ्यावरचा लुडो उरतो. काऊ क्लिकरमध्ये उरतच काय होतं? स्वतःचं तपासायचं असेल, तर आठवडाभर गेमचं नोटिफिकेशन बंद ठेवा आणि भावाला कोड पाठवायची आठवण आपणहून येते का, बघा.