शिळ्या कचऱ्याला ऊत

माझ्या लग्नाआधीची गोष्ट. मुलगी पाहण्यासाठी आम्ही पुण्यास गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलीच्या मामांनी चष्मा पुसत विचारले, "चिरंजीव नेमके करतात काय?" 'कंट्रोल सिस्टिम्स इंजिनियर' हे भारदस्त शब्द माझ्या ओठांवर आले होते, पण आमच्या आत्याबाईंना दम कुठला! "उत्तरेकडे असतो. कचरा जाळतो. पगार मात्र नियमित आहे हो!"

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला नीट पाहून घेतले.

आत्याबाई खोटे बोलल्या नव्हत्या. मी जिथे नोकरी करतो तिथे शहराचा कचरा जाळून वीज करतात. महापालिकेच्या गाड्या वजनकाट्यावरून येऊन एका खोल खड्ड्यात रिकाम्या होतात. वरून क्रेनचा लोखंडी पंजा उतरतो, ढीग खालीवर करतो आणि घासाघासाने भट्टीला भरवतो. भट्टीला लागणारी हवा या खड्ड्यातूनच ओढून घेतात. त्यामुळे दुर्गंधी बाहेर न पडता आगीत जाते. सरकत्या जाळीवर कचरा आधी वाळतो, मग पेटतो. त्या उष्णतेने बॉयलरात वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते. धुरात चुना आणि कोळशाची विशेष भुकटी सोडून, कापडी पिशव्यांतून गाळून, मगच तो धुराड्यात जातो.

यांपैकी कशालाच मी हात लावत नाही. मी बसतो थंडगार कंट्रोल रूममध्ये, पडद्यांसमोर. भट्टीत ठिकठिकाणी बसवलेली मापके क्षणाक्षणाला उष्णता, दाब, प्राणवायू, पाण्याची पातळी कळवत असतात. हवे किती, आहे किती, हे ताडून संगणक झडपा उघडतो, मिटतो. हा संगणक कसा विचार करील ते ठरवणे, आणि तो चुकला तर का चुकला ते शोधणे, हे माझे काम.

आमच्या गृहिणींना हे शास्त्र नवे नाही. भाकरी करपू लागली की त्या जाळ कमी करतात. किती करपली, किती वेळ करपते आहे आणि किती झपाट्याने करपते आहे, या तिन्हींचा अंदाज घेऊन. निकोलस मिनॉर्स्की नावाच्या इंजिनियराने जहाजाचे सुकाणू आपोआप चालावे म्हणून हीच तीन मापे १९२२ साली गणितात मांडली. आमच्या कारखान्यात आजही तेच गणित चालते.

पण काही ठिकाणी हे गणित एकट्याने पुरत नाही. बॉयलरच्या पिपात पाणी असते. वाफेची मागणी एकदम वाढली की दाब उतरतो, पाण्यात बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढते, दूध उतू जावे तशी. नवशिका म्हणतो, पाणी जास्त झाले, झडप मीट! वास्तविक पिपातले पाणी त्या क्षणी कमी होत असते. म्हणून तिथे नुसत्या पातळीवर विसंबत नाहीत; वाफ किती गेली आणि पाणी किती आले, हेही मोजतात. पहिल्या महिन्यात या उताने मला दोनदा घाम फोडला.

शिवाय कोळसा निदान एका जातीचा असतो. कचऱ्याचा प्रत्येक घास निराळा. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळण्याचा कारखाना उभा राहिला. पण आमच्या कचऱ्यातला कागद आणि बाटल्या रद्दीवाल्याने आधीच नेलेल्या. उरली ती माती आणि ओल्या साली! कारखाना थोडेच दिवस चालला आणि १९९०मध्ये बंद पडला. पुढे २०१६च्या नियमांत किलोला १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्णता देणारा, पुन्हा वापरता न येणारा कचरा जमिनीत न पुरता जळणासाठी वापरावा, असे आले. 'पुन्हा वापरता न येणारा' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. जो कागद आमच्या भट्टीत झकास जळतो, त्यावरच कुणा कचरावेचक बाईची चूल पेटत असते. माझ्या सासुरवाडीला, पुण्यात, या कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे. आमच्या धंद्यातली मंडळी तिचे नाव क्वचितच काढतात.

आता त्या रात्रीचे सांगतो. जुलैचा महिना, तीन दिवस झड लागलेली. रात्री दोनच्या सुमारास वाफ उतरू लागली. यंत्राला वाटले जळण कमी पडले. त्याने आणखी कचरा ढकलला. तो चिंब! आग आणखी दबली. धुरातला प्राणवायू वाढत होता, म्हणजे हवा होती, पण पेटत काही नव्हते. मी यंत्राच्या हातून कारभार काढून घेतला, जाळी मंद केली, हवा अधिक तापवली. क्रेनवाले चाचा वीस वर्षांचे जुने. त्यांनी न सांगताच खड्ड्याच्या कोपऱ्यातला जुना, निथळलेला कचरा उचलायला घेतला होता.

तरी उष्णता उतरतच होती. आमच्याकडे ८५० अंशांची लक्ष्मणरेषा आहे: धूर त्या उष्णतेत निदान दोन सेकंद राहिला पाहिजे, नाही तर डायॉक्सिनसारखी विषे पुरती जळत नाहीत. अशा वेळी तेलाचा बर्नर पेटतो. तो पेटला आणि लगेच विझला. पुन्हा तेच. ज्योत पाहणारा यंत्राचा डोळा म्हणत होता, ज्योतच नाही.

वरिष्ठांचा फोन आला. "अरे, ज्योत दिसते आहे असा खोटा सिग्नल दे आणि चालव. युनिट बंद पडता कामा नये."

हे करायला मला एक मिनिट पुरले असते. पण डोळा खरे बोलत असेल तर? न पेटलेले तेल भट्टीत फवारत राहील, साठेल आणि एकदम भडका घेईल. वरच्या माचावर आमचा फिटर उभा होता. त्याला दोन लहान मुली.

"साहेब, हे माझ्याकडून होणार नाही," मी म्हणालो. फोन आदळला गेला.

८५०ला यंत्राने नियमाप्रमाणे कचरा घेणे थांबवले. टर्बाइन उतरले. मी आणि फिटर वर चढलो, डोळा उघडला. काच काजळीने काळी ठिक्कर! या वेळी डोळाच आंधळा झाला होता. पण खाली बसून ते मला कसे कळणार? खिशातल्या रुमालाने काच पुसली. बर्नर पेटला. वीज पुन्हा जाऊ लागली तेव्हा उजाडले होते.

मला लेखी खुलासा द्यावा लागला. 'उत्पादनाचे नुकसान' हे शब्द त्यात तीनदा होते. महिन्याभराने मात्र ती काच रोज पुसण्याचे कलम पाळीच्या कामांत दाखल झाले. कुणाच्या सांगण्यावरून, ते कागदावर कुठेच नाही.

मामांनी, म्हणजे आता मामेसासऱ्यांनी, हा किस्सा मला चारदा सांगायला लावला आहे. दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला जाणे मात्र जमत नाही. सणानंतर खोकी, पुठ्ठे, जुन्या गाद्या असा कोरडा कचरा येतो आणि भट्टी नको तितकी खूश होते. तेव्हा पाळीवर हजर राहावे लागते. पाडव्याला निघताना आमची मंडळी दारात दोन डबे घेऊन उभी असते. एक चकलीचा, माझा आणि चाचांचा. दुसरा ओल्या सालींचा, खाली सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकायचा. "अहो, हा तुमच्या भट्टीत नको ना?" ती विचारते. एकदा घाईत मी चकलीचा डबा खतखड्ड्यात रिकामा केला होता, ते आत्याबाईंना अजून कळलेले नाही.