काँक्रीटर: हातातलं कसब आणि कागदावरचं कसब

आज आपण एका अशा व्यवसायाबद्दल बोलणार आहोत, ज्याला आपल्याकडे धड एक नाव नाही. ऑस्ट्रेलियात त्याला ‘काँक्रीटर’ म्हणतात. आपल्या साईटवर हेच काम चार-पाच जणांत वाटलेलं असतं. सेंट्रिंगवाला फळ्या बांधतो, फिटर सळई बांधतो, बिगारी माल वाहतात, एक जण व्हायब्रेटर चालवतो, मिस्त्री पट्टी मारून लेव्हल काढतो आणि मुकादम सगळ्यांवर ओरडतो. वीस वर्षं स्लॅब टाकणाऱ्या माणसाला ‘तुझा व्यवसाय काय’ असं विचारलं, तर तो म्हणतो, “बांधकामावर आहे.” परदेशी जायचं म्हटलं की पहिली अडचण इथेच येते. तिथे ‘बांधकामावर आहे’ हे उत्तर चालत नाही.

‘स्लॅब’ म्हणजे डोक्यावर की पायाखाली?

आधी काम समजून घेऊ. आपल्याकडे स्लॅब म्हटला की छत. ऑस्ट्रेलियात घरं बहुतेक एकमजली किंवा दुमजली, वरती पत्र्याचं किंवा कौलाचं छप्पर. त्यामुळे काँक्रीटरचा स्लॅब असतो तो जमिनीवरचा. घराचा पाया आणि जमीन एकदमच ओतायची. आणि तिथल्या बऱ्याच भागांत माती आपल्या काळ्या मातीसारखी आहे, म्हणजे पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला भिंतीला तडा का जातो हे सांगावं लागत नाही. तिथे माती किती फुगते यावरून प्लॉटचा वर्ग ठरतो आणि त्यावरून पायाची रचना ठरते. घराखेरीज गाडीचा रस्ता, फुटपाथ, गोदामाची जमीन, हीही काँक्रीटरचीच कामं.

यातलं खरं कसब वेळ ओळखण्यात आहे. माल ट्रकमधून उतरला की घड्याळ सुरू झालेलं असतं. तिथल्या मानकाप्रमाणे मिसळायला सुरुवात केल्यापासून साधारण 90 मिनिटांत ट्रक रिकामा व्हावा लागतो. पट्टी मारून झाली की पृष्ठभागावर पाणी सुटतं. ते पाणी निघून जायच्या आत थापी फिरवली, तर वरचा थर कच्चा राहतो आणि काही महिन्यांनी त्याची भुकटी निघते. फार उशीर केला तर माल थापीला दाद देत नाही. ऊन किती, वारा किती, माल कसा, हे बघून ‘आता’ म्हणायचं. हे पुस्तकात वाचून येत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. माल घट्ट वाटला की आपल्याकडे आरोळी येते, “पाणी वाढव रे!” ओतणं सोपं होतं, पण सिमेंटच्या प्रमाणात पाणी वाढलं की ताकद घटते. म्हणून तिथे स्लम्पची चाचणी होते. 300 मिलिमीटर उंचीचा शंकू भरायचा, उचलायचा आणि माल किती बसला ते मोजायचं. नमुने भरून 28 दिवसांनी दाबून बघतात. आपण चौकोनी क्यूब भरतो, तिथे नळकांड्याच्या आकाराचे नमुने भरतात. आपण एम 25 म्हणतो, तिथे एन 25. विद्या एकच आहे, बोली वेगळी आहे.

शिक्षण आणि पुढची वाट

तिथे साईटवर पाय ठेवण्याआधी ‘व्हाइट कार्ड’ लागतं, म्हणजे सुरक्षेचं प्राथमिक प्रशिक्षण. त्यानंतर काँक्रीटिंगचं ‘सर्टिफिकेट थ्री’ असतं. ते बरेच जण उमेदवारी करत, म्हणजे पगार घेत पूर्ण करतात. मजुरीवर काम करायला प्रत्येक ठिकाणी परवाना लागत नाही, पण स्वतःच्या नावावर कंत्राट घ्यायचं तर लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये 5,000 डॉलरच्या वरच्या घरगुती कामाला, क्वीन्सलँडमध्ये साधारणपणे 3,300 डॉलरच्या वरच्या कामाला. कामगारापासून टोळीप्रमुख, मग सुपरवायझर किंवा स्वतःची दोन-चार माणसांची कंपनी, अशी ही वाट आहे.

या कामाची किंमत शरीर मोजतं, हेही सांगायला हवं. कंबर आणि गुडघे लवकर बोलायला लागतात. ओल्या सिमेंटने कातडी भाजते. सगळ्यात गुपचूप मारणारी गोष्ट म्हणजे धूळ. वाळलेलं काँक्रीट कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुफ्फुसात बसते आणि निघत नाही. तिथे आठ तासांच्या सरासरीला हवेत घनमीटरमागे 0.05 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणून पाणी सोडत कापतात आणि मास्क लावतात. इथे रुमाल बांधून कापणाऱ्याने ही सवय आजच लावून घ्यावी. ती परदेशासाठी नाही, स्वतःसाठी.

व्हिसाचं दार किती उघडं आहे?

आता ज्या भागासाठी तुमच्यापैकी बरेच जण आला आहात तो. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसाय-वर्गीकरणात काँक्रीटरचा क्रमांक आहे 821211. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सुरुवात 82 ने होते, म्हणजे ‘बांधकाम मजूर’ या गटात. गवंडी आणि सुतार मात्र कारागिरांच्या गटात आहेत. काम तेवढंच कसबाचं असलं तरी कागदावर पायरी खाली आहे.

याचा परिणाम काय होतो? डिसेंबर 2024 मध्ये मालकाने पुरस्कृत केलेल्या 482 व्हिसाची नवी रचना आली आणि तिच्यासोबत व्यवसायांची नवी यादी. त्या यादीत वीटकाम करणारा गवंडी आहे, सुतार आहे. काँक्रीटर नाही. मग दार बंद का? पूर्ण बंद नाही. काही प्रदेशांनी सरकारशी वेगळे करार केलेले असतात, ज्यांना ‘डामा’ म्हणतात. नॉर्दर्न टेरिटरीचा असा करार 2015 पासून आहे. काही करारांच्या यादीत काँक्रीटर असतो. पण त्यासाठी त्या प्रदेशातला मालक हवा, त्याला मंजुरी हवी आणि तुम्हाला तिथेच काम करायची तयारी हवी. सिडनी-मेलबर्नची स्वप्नं त्यात बसत नाहीत.

म्हणून आमचं सांगणं असं: ज्याच्या हातात वीटकाम खरोखर आहे, त्याने त्या बाजूनेही स्वतःला तपासून बघावं. खोटं मात्र दाखवू नये, कारण कौशल्य-चाचणीत हात बोलतात. आणि याद्या बदलतात. आज ऐकलेलं उद्या सरकारी संकेतस्थळावर पडताळून घ्या.

“साहेब, आठ लाखांत स्पॉन्सर मिळतोय, घेऊ का?”

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर येतो, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं किंवा देणं हे ऑस्ट्रेलियात 2015 च्या कायद्याने बेकायदा आहे. मालकाला नामांकनाचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. तिथल्या माणसाला त्या कामाचे जेवढे मिळतात, तेवढेच तुम्हाला मिळायला हवेत. सल्लागार नोंदणीकृत आहे की नाही हे त्यांच्या सरकारी नोंदवहीत नाव टाकून बघता येतं. आपल्या देशातल्या नोंदणीकृत भरती एजंटालाही 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते.

जमीन गहाण ठेवून गेलेला माणस मालकाने छळलं तरी बोलत नाही, हे आपण आखातात पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2024 पासून 482 वरच्या कामगाराला नोकरी सुटल्यावर एका वेळी 180 दिवस नवा मालक शोधायला मिळतात. हा हक्क मोठा आहे. पण डोक्यावर कर्ज असेल तर तो वापरायची हिंमत होत नाही.

आजपासून काय करायचं?

आपल्याकडच्या कामगाराजवळ कसब असतं, पुरावा नसतो. रोख मजुरी, तोंडी कंत्राट, साईट संपली की ओळख संपली. तो पुरावा गोळा करायला पैसे लागत नाहीत, सवय लागते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो दरवर्षी घ्या आणि त्याच्या प्रती जपून ठेवा. मजुरी शक्य तितकी बँकेत घ्या. प्रत्येक साईटवर काम करतानाचे फोटो तारखेसह ठेवा. कंत्राटदाराकडून पत्र घ्या, आणि त्यात ‘मजूर’ एवढंच नको. सेंट्रिंग, ओतणं, लेव्हल, फिनिशिंग, पाणी मारणं, यातलं जे केलं ते लिहून घ्या. पूर्वानुभवावर मिळणारं सरकारी प्रमाणपत्र घ्या. आणि साईटपुरतं इंग्रजी शिका, कारण पंपवाल्याची हाक कळली नाही तर ते जिवावर बेतू शकतं.

यातून व्हिसा मिळेलच असं आम्ही म्हणत नाही. पण हीच कागदं इथे मेट्रोच्या किंवा पुलाच्या कामावर बिगाऱ्याऐवजी कुशल कामगाराचा दर मागताना उपयोगी पडतात. परदेशी गेलात तर उत्तमच. नाही गेलात, तरी पुढच्या वेळी कुणी व्यवसाय विचारला तर ‘बांधकामावर आहे’ म्हणू नका. काय येतं ते नाव घेऊन सांगा आणि त्याचा कागद पुढे ठेवा.

आता प्रश्न घेऊ या.