डॉक्टरची पाटी

शिरूरच्या एस.टी. स्थानकावर न्हावऱ्याकडची गाडी रिकामी होते, तेव्हा उतरणाऱ्यांत एखादे तरी बिऱ्हाड कुणाला 'दाखवायला' आलेले असते. दाखवायला म्हणजे डॉक्टरला दाखवायला, हे आपल्याकडे निराळे सांगावे लागत नाही. म्हातारीचा दमा असेल, पोराचा ताप असेल, सुनेचे दिवस भरत आले असतील. गावाहून निघतानाच डॉक्टर ठरलेला असला तर प्रश्नच मिटला. पण ठरलेला नसला तर? स्थानकाबाहेर आले की दोन्ही अंगांना पाट्याच पाट्या. कडेवर तापलेले मूल घेतलेला माणूस त्या पाट्या वाचत बसत नाही. तो पाटीचा आकार बघतो. आत पांढरा एप्रन दिसतो का, गळ्यात नळी आहे का, दाराशी गाडी कोणती उभी आहे, बाकड्यावर माणसं किती बसली आहेत, एवढं बघतो आणि आत शिरतो.

म्हणून डॉक्टरची ऐट ही नुसती ऐट म्हणून सोडून देता येत नाही. सराफाने हातात चार अंगठ्या घातल्या तर त्यात आपले काही जात नाही. डॉक्टरच्या खुणांवर भरवसा ठेवून मात्र माणूस आपले अंगच त्याच्या हवाली करतो. या खुणा आल्या कुठून, त्यांतल्या कोणत्या त्याच्या स्वतःच्या आणि कोणत्या उसन्या, हे रोग्यालाही थोडेफार ठाऊक असलेले बरे.

पाटीपासूनच सुरुवात करू. डॉक्टरच्या पाटीवर काय असावे याचे नियम आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. डॉक्टरांच्या वर्तनाचे हे नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केले. ती परिषद जाऊन २०२० साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम काढले, पण त्याच महिन्यात ते स्थगित ठेवून २००२ चेच पुन्हा चालू केले. त्यांत म्हटले आहे की पाटी अवाजवी मोठी नसावी. तिच्यावर डॉक्टरचे नाव, विद्यापीठाची किंवा कायद्याने स्थापलेल्या संस्थेची पदवी, किताब, विषय, नोंदणीचा क्रमांक आणि तो कोणत्या राज्य परिषदेचा हे असावे. बाकी काही नसावे. औषधाच्या दुकानावर डॉक्टरने आपली पाटी लावू नये. जिथे आपण राहत नाही किंवा काम करीत नाही, तिथेही लावू नये. आता यात्रेच्या दिवसांत गावच्या वेशीवर लागलेले फ्लेक्स आठवा. डॉक्टरसाहेब हात जोडून उभे, नावाच्या मागे-पुढे अक्षरांची माळ, खाली मित्रमंडळाची यादी. नोंदणीचा क्रमांक तेवढा शोधून सापडत नाही.

जाहिरातीलाही अशीच मर्यादा आहे. दवाखाना सुरू केला, जागा बदलली, परगावी गेलो, परत आलो, दुसऱ्याचा चालता दवाखाना घेतला, फी जाहीर केली, अशा मोजक्या प्रसंगीच डॉक्टरला वर्तमानपत्रात निवेदन देता येते. 'डॉ. अमुक परगावाहून परत आले असून रुग्ण तपासण्यास सुरुवात केली आहे' ही दोन ओळींची चौकट आपण वाचतो ना, ती या रिवाजातली.

आता ती अक्षरांची माळ. मुंबई इलाख्यात पूर्वी मोठ्या गावात एल.एम. अँड एस. किंवा एम.बी.बी.एस. आणि तालुक्याच्या गावी एल.सी.पी.एस. अशी साधारण वाटणी असे. एल.सी.पी.एस. ही पदविका देणारे 'कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स' मुंबईत १९१२ साली निघाले. त्याच वर्षी इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा पहिला कायदा झाला. वैद्य-हकिमांची नोंदणी व्हायला १९३८ चा कायदा यावा लागला. पुढे महाराष्ट्र राज्याने दोन्हीकडचे कायदे नव्याने केले: आयुर्वेद आणि युनानी चिकित्सकांसाठी १९६१ चा, आधुनिक वैद्यकासाठी १९६५ चा. होमिओपॅथीची परिषद वेगळी. म्हणजे पाटीवरचा नुसता आकडा पुरेसा नाही. तो कोणत्या परिषदेचा हे कळले म्हणजे डॉक्टर काय शिकला आहे ते कळते. आयुर्वेदाचे काही पदवीधर नावाआधी 'डॉ.' न लावता मुद्दाम 'वैद्य' लावतात. मला ती चाल आवडते. तिच्यात ऐट आहेच, पण ती आपल्या विद्येची आहे.

रोगी हा हिशेब करीत नाही. जितकी अक्षरे जास्त तितका डॉक्टर मोठा, असा त्याचा ठोकताळा. मग पंधरा दिवसांच्या अभ्यासक्रमाचीही अक्षरे पदवीला चिकटतात आणि परगावच्या संस्थेचे नाव कंसात येते. 'आर.एम.पी.' ही तर पदवीच नव्हे. नोंदणी झालेला चिकित्सक एवढाच तिचा अर्थ, आणि नोंदणी झाली असेल तर क्रमांक असलाच पाहिजे. 'मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज' असे मोठ्या लाल अक्षरांत लिहून खाली नुसते 'डॉक्टर' म्हणणारी पाटी दिसली, तर तिच्यावर काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही ते पाहावे.

हे सगळे काही पुस्तकी नाही. २०२१ सालच्या एप्रिलमध्ये, करोनाची दुसरी लाट भरात असताना, शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ एक खासगी रुग्णालय चालवणाऱ्या इसमाला पोलिसांनी अटक केली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो पूर्वी नांदेडकडे एका दवाखान्यात कंपाउंडर होता. दुसरेच नाव धारण करून, एम.बी.बी.एस.चे खोटे प्रमाणपत्र जवळ बाळगून तो रुग्णालय चालवीत होता आणि तिथे करोनाचेही रोगी दाखल होत होते. रोग्यांनी काय पाहिले असेल? इमारत होती, खाटा होत्या, पाटी होती, एप्रन होता. डॉक्टर म्हणून जे जे दिसायला हवे ते सगळे तिथे होते. नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती दिसणारी नव्हती. कारखान्यात कामाला आलेला परमुलखातला मजूर कुणाला विचारणार?

दिसणाऱ्या गोष्टींचे असेच असते. त्या विकत मिळतात. गळ्यातल्या नळीचे पाहा. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १८१६ साली लेनेक नावाच्या डॉक्टरपुढे छातीच्या दुखण्याची एक तरुण बाई आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून तिचे एक टोक छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. मग लाकडी नळी झाली, आणि दोन्ही कानांत घालायची नळी आली ती १८५० नंतर. संकोचातून निघालेले हे हत्यार आज डॉक्टरकीचे निशाण होऊन बसले. आपल्याकडे रोग्याची तक्रारही तीच: "डॉक्टरांनी साधी नळीसुद्धा लावली नाही हो!" नळी लावली म्हणजे आपल्याकडे लक्ष दिले, ही त्याची खूणगाठ, आणि ती काही अगदी चूक नाही.

पांढऱ्या डगल्याची गोष्ट थोडी निराळी. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर काळा कोट घालीत. शतक संपता संपता जंतूंचे ज्ञान झाले, प्रयोगशाळेला मान आला, तेव्हा प्रयोगशाळेतला पांढरा डगला डॉक्टरांनी घेतला. मळ लपू नये हा त्यातला हेतू. आमच्याकडे त्याला एप्रन म्हणतात. पुण्यात ससूनच्या आसपास चहाच्या गाडीपाशी उभे राहा. विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टर एप्रन घालून, नळी गळ्यात अडकवून चहा पिताना दिसतील. वय असे आहे की मिरवावेसे वाटणारच. पण रुग्णालयातले जंतू बाहेर आणि बाहेरची धूळ आत, असा दोन्हीकडचा व्यापार त्या बाह्यांवरून चालतो. इंग्लंडातल्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ साली याच कारणाने रोगी तपासताना कोपराखाली हात उघडे ठेवायचे ठरवले आणि तिथल्या वॉर्डांतून लांब बाह्यांचा डगला गेला. डॉक्टर काही त्यामुळे कमी डॉक्टर झाले नाहीत.

राहिली गाडीवरची लाल फुली. हिच्याविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण ती डॉक्टरची खूण नाहीच. १८५९ साली इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. रणांगणावर टाकून दिलेल्या हजारो जखमींचे हाल आंरी द्यूनां या स्विस गृहस्थाने पाहिले. त्यातून पुढे १८६४ चा जिनेव्हा करार झाला आणि स्विस निशाणाचे रंग उलटे करून पांढऱ्यावर लाल फुली हे चिन्ह ठरले. तिचा अर्थ एवढाच: इथे जखमी आहेत आणि त्यांची सेवा करणारे आहेत, इथे गोळी झाडू नका. आपल्या देशात ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेचे आणि रेडक्रॉस संस्थेचे चिन्ह आहे. १९६० च्या जिनेव्हा करार कायद्याप्रमाणे इतर कुणी ते केंद्र सरकारच्या परवानगीवाचून वापरणे गुन्हा आहे. दंड पाचशे रुपयांपर्यंत, आणि ज्या वस्तूवर चिन्ह वापरले ती जप्तही होऊ शकते. डॉक्टर, औषधविक्रेता, खासगी रुग्णालय, कुणालाही सूट नाही.

तरी शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर किती मोटारींच्या काचेवर आणि फटफटींच्या नंबरपाटीवर लाल फुली असते ते मोजा. डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. रात्री दोनला अडलेल्या बाळंतिणीचा निरोप येतो. नाक्यावर पोलिसाने थांबवले तर पाच मिनिटे जातात, आणि पाच मिनिटांत मूल जाऊ शकते. २०२० च्या टाळेबंदीत तर डॉक्टरची गाडी ओळखू येणे ही गरजच होती. हे सगळे खरे. पण तीच फुली लावलेली गाडी दुपारी लग्नाच्या मांडवाशी 'वाहने लावू नयेत' या फलकाखाली उभी असते, आणि चालवणारा कधी डॉक्टरचा मेहुणाही असतो. ज्याला खूण हवीच त्याने 'डॉक्टर' असा शब्द लिहावा, किंवा काठीला वेढा घातलेला साप घ्यावा. साप मात्र एकच. दोन साप आणि पंख असलेली काठी ग्रीकांच्या हर्मिस देवाची. तो व्यापाऱ्यांचा देव, आणि चोरांचाही. अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय दलाने १९०२ साली तीच काठी निवडली आणि तिथून तो घोटाळा जगभर पसरला.

शिरूरहून निघून भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. दौंड हे जंक्शन. मनमाडकडचा फाटा १८७८ साली सुरू झाला तेव्हापासूनचे हे रेल्वेचे गाव, आणि रेल्वेच्या गावात माणूस हुद्द्याने ओळखला जातो. तिथल्या रेल्वेच्या डॉक्टरला पाटीची चिंता नाही. त्याचे रोगी ठरलेले, फी नाही, स्पर्धा नाही. खुर्चीच त्याची पाटी. बाजारपेठेतल्या खासगी डॉक्टरला हे भाग्य नाही. त्याने पाटी लावली नाही तर त्याचे दार कुणाला कळणार? तेव्हा डॉक्टर मिरवतात म्हणून सरसकट नाके मुरडण्यात अर्थ नाही. मिरवायला त्यांना आपणही लावतो. लग्नपत्रिकेत 'चि. डॉ.' आणि 'चि. सौ. कां. डॉ.' छापण्याचा आग्रह घरच्या वडीलधाऱ्यांचा असतो. डॉक्टरची बायको शाळेत शिकवीत असली तरी गावाला ती डॉक्टरीणबाई. सुई टोचणारा कंपाउंडर वाडीवस्तीवर 'डॉक्टर' होतो तो आपल्याच तोंडून. गोठ्यापुढे फटफट थांबली की पोरे "डॉक्टर आला" म्हणून ओरडतात. उतरणारा पदवीधर पशुवैद्य असेल तर हाक बरोबर आहे, पण पुष्कळदा तो नुसते कृत्रिम रेतन करणारा असतो.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी विसरू नये. खूण लावली की ती दोन्हीकडून वाचली जाते. पुणे-नगर रस्त्यावर अपघात झाला की लोक धावतात ते 'डॉक्टर' लिहिलेली गाडी थांबवायला. डॉक्टरने कोणते रोगी घ्यावेत हे त्याच्या मर्जीवर आहे, पण तातडीच्या प्रसंगी हाक आली तर जावे, असे तेच २००२ चे नियम सांगतात. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जीव वाचवण्यासाठी उपचार केलेच पाहिजेत, पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ साली सांगून ठेवले आहे. नाक्यावर जी काच पुढे करायची, ती अपघाताच्या जागी खाली करावी लागते.

आणि रोग्याने काय करावे? २०२५ साली महाराष्ट्र वैद्यक परिषदेने डॉक्टरांची नोंदणी पडताळून पाहता यावी म्हणून क्यू.आर. कोडची सोय केली. दवाखान्यात तो लावलेला असला तर घरातल्या शिकल्यासवरल्या पोराने मोबाइल धरला की नाव आणि नोंद समोर येते. मोबाइल नसला तरी अडत नाही. पाटीला जो नियम तोच औषधाच्या चिठ्ठीला आहे. परतीच्या गाडीत जागा मिळाली की खिशातली चिठ्ठी उलगडून पाहावी. क्रमांक डॉक्टरच्या नावाजवळच छापलेला असतो, बहुधा सगळ्यांत बारीक अक्षरांत.