फिल्टर कापून पाहा

बाळापुरात धुळीला तोटा नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की थ्रेशरमधून उडणारं कुटार, उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या रानातून उठणाऱ्या वावटळी, आणि बारा महिने पारसच्या वीजकेंद्राची राख. पारस बाळापूर तालुक्यातच येतं. तिथे 250 मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. त्यात महामार्गाची कामं. 2022 च्या जूनमध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान, लोणी ते माना, 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याची बातमी देशभर गेली. त्याआधी वर्षानुवर्षं रखडलेल्या त्या रस्त्याची गिट्टी-मुरमाची धूळ मात्र वऱ्हाडातल्या गाड्यांनीच खाल्ली.

हा महामार्ग आता 53 क्रमांकाचा आहे, पण इथली जुनी माणसं त्याला अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. त्याच्या कडेला टायरवाले, पंक्चरवाले, वेल्डिंगवाले आणि गॅरेजं आहेत. त्यातल्या एका गॅरेजात मी बसत असतो. मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणतो. ऑइल फिल्टर कसा निवडावा, याचं उत्तर मला पार्टच्या दुकानात मिळालं नाही, ते चाचांच्या वाइसमध्ये अडकवून कापलेल्या जुन्या फिल्टरांत मिळालं.

दुकानात काय होतं ते सांगतो. आपण म्हणतो, “वॅगनआरचा ऑइल फिल्टर द्या.” दुकानदार विचारतो, “कंपनीचा देऊ का साधा?” कंपनीचा म्हणजे गाडी बनवणाऱ्यांच्या नावाच्या खोक्यातला. मधला एक वर्ग असतो तो फिल्टर बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या नावाचा: बॉश, प्युरोलेटर, फरिदाबादचा एलोफिक, मोठ्या डिझेल इंजिनांसाठी पुण्याचा फ्लीटगार्ड. गाडीवाल्या कंपन्या फिल्टर बहुधा स्वतः बनवत नाहीत, अशाच कुणाकडून बनवून घेतात, त्यामुळे या मधल्या वर्गाला नाक मुरडायचं कारण नाही. आणि साधा म्हणजे ज्याच्या खोक्यावर रंग भडक आणि पत्ता फिका. एका साध्या पेट्रोल गाडीसाठी या तिन्हींतला फरक शंभर-सव्वाशे रुपयांच्या आत असतो. एवढ्यासाठी माणसं घासाघीस करतात आणि मग चार हजारांचं सिंथेटिक ऑइल घेऊन जातात.

“रंग पाहून काय समजते, भाऊ?” चाचा म्हणतात. “उलटा करा न. भोकातून अंदर पाहा.”

फिल्टर उलटा केला की मधोमध आट्यांचं मोठं भोक आणि भोवती लहान भोकांची गोल रांग दिसते. पंपानं ढकललेलं ऑइल या लहान भोकांतून डब्यात शिरतं, कागदाच्या बाहेरून आत झिरपतं आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे जातं. लहान भोकांच्या लगेच मागे रबराची एक चकती असते. ऑइल आत येताना ती वाकते, गाडी बंद झाल्यावर भोकं झाकून टाकते आणि डब्यातलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरू देत नाही. हे रबर दोन प्रकारचं. काळं असेल तर बहुधा नायट्राइल, नारिंगी किंवा लालसर असेल तर बहुधा सिलिकॉन. नायट्राइल स्वस्त, पण गरम ऑइलमध्ये महिनोन्‌महिने राहून कडक होतं. सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं. काडीनं हलकेच दाबून पाहिलं तर चकती लवचिक आहे की नाही ते दुकानातच कळतं. दुकानदार वाकडं तोंड करेल, करू द्या.

“सकायी गाडी चालू केली का टकटक आवाज येते, दिवा लवकर विझत नाई. लोकं म्हणतेत ऑइल खराब. ऑइल कायचं खराब? रबरानं रातभर ऑइल धरलंच नाई,” हे चाचांचं निदान. डबा आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असतो त्या गाड्यांत हा दोष लगेच जाणवतो. तोंड वर असेल तर ऑइल आपोआपच डब्यात राहतं, तिथे रबराची एवढी काळजी नको. आपल्या गाडीचा फिल्टर कसा बसतो ते एकदा वाकून पाहिलेलं बरं.

आता कापणं. त्यात चाचांची एक शिस्त आहे. काढलेला फिल्टर ते आधी रात्रभर उलटा ठेवून निथळू देतात. मग सरळ करवत चालवत नाहीत, कारण करवतीचा चुरा आत पडला की आतलं लोखंड इंजिनाचं की करवतीचं, कोण सांगणार? तळाची जाड प्लेट आणि डब्याचा पत्रा जिथे एकमेकांत दुमडलेले असतात ती कड तेवढी ते बाहेरून कानसेनं झिजवतात. पत्रा पातळ होत होत सुटतो आणि तळ झाकणासारखा निघतो. पोरं अशा वेळी हातातलं काम सोडून जमतात, आणि चाचा त्यांना हाकलत नाहीत.

मी पाहिलं त्या दिवशी वाइसवर दोन डबे आले: कंपनीच्या खोक्यातला एक वापरलेला आणि कुणीतरी परत आणून दिलेला एक साधा, कोरा. बाहेरून दोघांचे आकार सारखे. वापरलेल्याच्या आत कागदाच्या घड्या दाट, एकसारख्या अंतरावर, दोन्ही टोकांच्या टोप्यांना नीट चिकटलेल्या. मधली छिद्रांची नळी ताठ. एका टोकाला स्प्रिंगवर दाबलेली छोटी झडप. कोऱ्याच्या आत घड्या विरळ आणि एका बाजूला गोळा झालेल्या, जिथे कागदाची दोन टोकं जोडतात तिथे डिंक अर्धाच लागलेला. म्हणजे तिथून ऑइल न गाळताच जाणार. रबराची चकती नखानं दाबली तर प्लास्टिकसारखी.

घड्या मोजून निकाल लावू नये, हेही तिथेच कळलं. कमी पण खोल घड्या असतील तर एकूण कागद जास्त भरू शकतो. चाचांनी दोन्ही कागद ब्लेडनं सोडवून एका बोलेरोच्या बॉनेटवर पसरले. कंपनीचा पसरत पसरत वायपरपर्यंत गेला आणि दुसरा त्याच्या निम्म्यातच संपला. जितका कागद जास्त तितकी घाण साठवायला जागा जास्त, आणि ऑइलला वाट सोपी. टोप्या पत्र्याच्या की पुठ्ठ्याच्या यावर मात्र लोक उगीच भांडतात. चांगल्या पुठ्ठ्याची आणि पक्की चिकटवलेली टोपी वाईट नसते. वाईट असतो तो सुटणारा डिंक.

ती स्प्रिंगवरची झडप ही ऑइल फिल्टरमधली सगळ्यात कमी समजलेली गोष्ट आहे. थंडीच्या सकाळी ऑइल घट्ट असतं, किंवा कागद घाणीनं भरून गेलेला असतो, तेव्हा कागदाच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, साधारण एका बारच्या आसपास, की झडप उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनाला मिळतं. घाणेरडं ऑइल चालेल, पण बेरिंग कोरडं राहायला नको, असा त्यामागचा हिशेब. ही झडप हलकी असली तर फिल्टर निम्मा वेळ गाळतच नाही. जाम असली तर कागद दाबानं चिपाडासारखा होतो. आणि काही गाड्यांत ती फिल्टरमध्ये नसतेच, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये असते. म्हणून आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं होत नाही. एकाच मापाचे आटे, एकाच मापाचं वाशर, पण झडपेचा दाब वेगळा, असे कितीतरी फिल्टर बाजारात शेजारी शेजारी ठेवलेले असतात. नंबर पाहूनच घ्यावा.

खोक्यावर ‘10 मायक्रॉन’ असं छापलेलं दिसलं की माणूस हुरळतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, तेव्हा दहा म्हणजे फारच बारीक वाटतं. पण दहा मायक्रॉनच्या शंभर कणांतले किती अडवतो, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. निम्मे अडवणारा फिल्टरही स्वतःला दहा मायक्रॉनचा म्हणवून घेऊ शकतो. यासाठी आयएसओ 4548-12 ही चाचणी आहे. तीत घाण मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आधी-नंतरचे कण मोजतात. त्यातून निघतो बीटा. बीटा 2 म्हणजे दोनातला एक कण पलीकडे गेला, अर्धी गाळणी. बीटा 75 म्हणजे पंच्याहत्तरात एकच निसटला, जवळजवळ 98.7 टक्के. आपल्याकडच्या खोक्यांवर हा आकडा क्वचितच असतो. चांगल्या कंपन्यांनी तो छापायला सुरुवात करावी, गिऱ्हाईक शिकेल.

बेरिंग आणि शाफ्टमधलं ऑइलचं अस्तर चालत्या इंजिनात काही मायक्रॉनांचंच असतं. त्याहून थोडे मोठे, पाच ते वीस मायक्रॉनांचे कण सगळ्यात जास्त झीज करतात. आणि इथे बाळापूरची माती आडवी येते. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण प्रचंड, आणि चिकणमातीचा सुटा कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान. एवढं बारीक काही कुठलाच कागदी ऑइल फिल्टर नीट धरत नाही. राखेत आणि गिट्टीच्या भुकटीत मोठे, टणक कण असतात, पण ते ऑइलपर्यंत पोचतात कुठून? हवेतून. म्हणून महागडा ऑइल फिल्टर घ्यायचा आणि हवा फिल्टर पंपावर हवा मारून मारून तीन हंगाम चालवायचा, हे वऱ्हाडात सर्रास दिसणारं काम निव्वळ वेडेपणाचं आहे. जोराच्या हवेनं त्या कागदाला न दिसणारी भोकं पडतात. हवा फिल्टर बदलायचा असतो, झटकायचा नसतो.

उन्हाचं म्हणाल तर त्याची भीती थोडी जास्तच घेतली जाते. 2024 च्या मे महिन्यात अकोल्यात इतकं तापलं की जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लावावं लागलं. पण चालत्या इंजिनातलं ऑइल तसंही शंभर अंशांच्या आसपास असतं, बाहेर पंचेचाळीस आहे की तीस याचं त्याला फारसं सोयरसुतक नाही. ऊन खरं नडतं ते पत्र्याच्या दुकानात वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या फिल्टरांना. त्यांचं रबर न वापरताच म्हातारं होतं. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. महिना-वर्ष वाचा. ते नसेल तर खोकं परत करा.

काही गाड्यांत डबा नसतोच. जुन्या डिझेल स्विफ्टमध्ये नुसतं कागदाचं एलिमेंट असतं, प्लास्टिकच्या झाकणाखाली बसतं. ते घेणं सोपं, कारण कागद उघड्या डोळ्यांनी दिसतो. सोबत नवं ओ-रिंग आहे का तेवढं पाहायचं. आणि ज्यांच्याकडे स्प्लेंडर आहे त्यांनी फिल्टर शोधत बसू नये. तिच्यात धुऊन वापरायची जाळी आणि फिरत्या वेगानं घाण बाजूला फेकणारी वाटी असते.

बसवण्यातल्या चुका निवडीइतक्याच महाग पडतात. जुन्या फिल्टरचं रबरी वाशर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन वाशरं होतात, दाब येताच एक सरकतं आणि सगळं ऑइल रस्त्यावर. चाचा तिथे बोट फिरवल्याशिवाय नवा फिल्टर हातात घेत नाहीत. मग नव्या वाशरला ऑइलचं बोट, हातानं टेकेपर्यंत फिरवणं, आणि टेकल्यानंतर खोक्यावर सांगितलं असेल तेवढंच, बहुधा पाऊण फेरा. चेन पाना काढण्यासाठी असतो, कसण्यासाठी नाही. पोरानं पाना उचलला की चाचा नुसते बघतात, तो ठेवून देतो.

कापलेल्या कागदाची पट्टी उन्हात धरली तर इंजिनाची तब्येत दिसते. काळपट गाळ हा नेहमीचा, डिझेलमध्ये काजळी जास्तच. चमचम दिसली तर लोहचुंबक फिरवायचं. चिकटलं ते लोखंड, न चिकटलेलं बहुधा ॲल्युमिनियम. तांबूस झाक असेल तर बेरिंगचा वरचा थर गेला म्हणून समजा. वाळूचे कण बोटाला लागले तर हवा फिल्टरचा पाइप फाटलाय का पाहायचं. एवढी माहिती फुकट मिळते, आणि आपण तो डबा भंगारात टाकतो. त्यातलं ऑइल तरी जमिनीवर ओतू नये. गॅरेजांच्या नाल्या शेवटी मन आणि म्हैस नदीलाच मिळतात.

बदलायचं कधी, याचं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. मारुतीच्या पेट्रोल गाड्यांना साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. पण त्याच मॅन्युअलमध्ये धुळीचे रस्ते आणि लहान लहान फेऱ्या यांसाठी ही मुदत कमी करायला सांगितलेली असते. बाळापूर ते शेत, शेत ते बाजार समिती, अशी गाडी फिरत असेल तर ते पान आपल्यासाठीच आहे. मधल्या वर्गातला, बिलासह घेतलेला, योग्य नंबरचा फिल्टर मुदतीआधी बदलला तर तो महागड्या, पण मुदत उलटून गेलेल्या फिल्टरपेक्षा केव्हाही बरा. पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीला सांगा, जुना फिल्टर फेकू नका, कापून दाखवा. नाही म्हणाला तर दुसरं गॅरेज पाहा.