मावळात जुनी कॅम्पर व्हॅन शोधताना

माझ्या सिनॉप्सिसचा पहिला खर्डा गाईड मॅडमनी एका प्रश्नासकट परत पाठवला. विषय होता जुन्या कॅम्पर व्हॅनची अंतर्गत रचना, आणि क्षेत्र मावळ-लोणावळा. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: "इथे अशा गाड्या होत्या का?"

दोन महिने शोधलं. आत ओटा, कपाटं, घडीचा पलंग असलेली, पुस्तकात दाखवतात तशी, १९६० ते ८० मधली इथं बांधलेली एकही गाडी मला मिळाली नाही. विषय बदलायचा का, इथपर्यंत वेळ आली. तुमच्यापैकी कोणी सध्या सिनॉप्सिस लिहीत असेल तर ही धडधड ओळखीची असेल.

आधी पुस्तकातला इतिहास बघू. १९४७ मध्ये बेन पॉन या डच व्यापाऱ्यानं फोक्सवॅगनच्या डब्यासारख्या गाडीचं एक साधं रेखाचित्र काढलं, आणि १९५० मध्ये ती गाडी बाजारात आली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीनं तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' केला. नाव अगदी शब्दशः घ्या. ती लाकडी खोक्यांची जोडणी होती. सुट्टीला आत ठेवायची, तिच्यावर झोपायचं, आणि सोमवारी काढून गाडी पुन्हा धंद्याला लावायची. म्हणजे सगळ्यात प्रसिद्ध कॅम्परची सुरुवात सुट्या सामानापासून झाली! माझ्या पहिल्या वाचनात हे वाक्य मी नुसतं अधोरेखित करून पुढे गेले होते. ते नंतर उपयोगी पडलं.

मग फर्निचर पक्कं का झालं? सोय हे एक कारण आहेच. पण ब्रिटनमध्ये करानंही हातभार लावला. तिथे मोटारीवर खरेदी कर होता, आणि राहण्याची गाडी म्हणून मान्य झालेल्या वाहनाला त्यातून सूट मिळायची. ही पद्धत १९७३ मध्ये व्हॅट येईपर्यंत चालली. गाडी 'राहण्याची' आहे हे दाखवायचं तर आत राहण्याची सोय दिसली पाहिजे, ठोकून बसवलेली. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीच्या डॉर्मोबाइल गाड्या याच काळातल्या. इंटिरिअरचा अभ्यास करताना आपण रंग, कापड, लॅमिनेट बघतो. करखात्याचे कागद कोण बघतं?

दुसरी गोष्ट इंजिनाची. ही जरा सावकाश समजून घ्या, कारण आतला सगळा नकाशा तिथून ठरतो. फोक्सवॅगनचं इंजिन मागे. त्यामुळे मागच्या बाजूला जमीन उंच, एखाद्या ओट्यासारखी. सहा फुटी माणूस झोपवायचा तर पलंगाचा मागचा भाग या ओट्यावर येणार आणि पुढचा भाग बाकाचा असणार, आणि दोघांची उंची तंतोतंत जुळली पाहिजे. बाक पुढे ओढला की त्याची पाठ आडवी होते ती यंत्रणा ('रॉक अँड रोल बेड') या अडचणीवरचं उत्तर आहे. शिवाय आत ताठ उभं राहता येत नाही, म्हणून वर उचलणारं छप्पर आलं, बाजूंना कापड असलेलं. (लोणावळ्याच्या जुलैत त्या कापडाचं काय होईल ते मावळकरांना सांगायला नको. आठवड्यात बुरशी.)

आता आपल्याकडे. पुण्याहून लोणावळा लोकल पकडली की वाटेत आकुर्डी लागतं. तिथल्या बजाज टेम्पो कंपनीची, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सची, स्थापना १९५८ ची, हॅम्बुर्गच्या फिडाल उंड झोन कंपनीच्या सहकार्यानं. 'टेम्पो' हे त्या जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. आपण ते अख्ख्या जातीला देऊन टाकलं. तिची 'मॅटॅडोर' जर्मनीत १९४९ मध्ये आली, सुरुवातीला चक्क फोक्सवॅगनचंच इंजिन घेऊन. पण इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना, त्यामुळे मागची जमीन खाली आणि सपाट. झोपायला याहून सोयीची गाडी नाही. जर्मनीत तिच्यावर कॅम्पर बांधलेही गेले. त्याच नावाची गाडी आकुर्डीत बनू लागली तेव्हा इथे ती शाळेची गाडी झाली, अँब्युलन्स झाली, भाजी आणि मांडवाचं सामान वाहणारी झाली. कॅम्पर तेवढी झाली नाही.

असं मी लिहून मोकळी होणार होते. मग कामशेतजवळ जुन्या हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये एक मोडकी मॅटॅडोर मोजायला गेले. मिस्त्री काका माझा टेप धरून उभे होते. मी विचारलं, यात कोणी घर केलं नाही का कधी? ते म्हणाले, "ताई, घर करायचं काय त्यात? सतरंजी टाकली की झालं घर."

मग त्यांनी सांगितलं. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर, चार-पाच दिवसांची फेरी. मागच्या सीटा काढायच्या, खाली पोती, वर सतरंजी. वळकट्या दोन्ही अंगांना लावायच्या: दिवसा टेकायला, रात्री उलगडून झोपायला. पाण्याचा ड्रम चालकाच्या सीटमागे, कारण पन्नास लिटर म्हणजे पन्नास किलो, मागे ठेवला तर घाटात गाडी शेपूट हलवते. स्टोव्ह बाहेर, दाराच्या आडोशाला. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला येणाऱ्या गाड्या किंवा वारीतल्या दिंडीचा ट्रक आठवा. बसायची जागाच झोपायची होणं, वजन नेमकं कुठे ठेवायचं, आग कुठे लावायची, हे तिन्ही प्रश्न वेस्टफालियाच्या सुतारापुढे होते तेच आहेत. फक्त इथे उत्तर खिळ्यांनी ठोकलेलं नव्हतं.

मला ते दिसलं नाही याचं कारण माझी व्याख्या. मी नियमांतली व्याख्या उचलली होती. मोटर कॅराव्हॅन म्हणजे बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची जागा, आणि हे सगळं गाडीला घट्ट बसवलेलं. टेबल काढता आलं तरी चालतं. ही मूळ युरोपीय मांडणी, आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानकही आहे. गाडी पास करायला ही व्याख्या योग्यच, ब्रेक मारल्यावर कपाट डोक्यात येऊ नये. पण तीच चाळणी इतिहासाला लावली की १९५१ चा कॅम्पिंग बॉक्ससुद्धा खाली पडतो. २०२१ मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हा बातम्यांचा सूर 'आता हे आपल्याकडे सुरू होणार' असा होता. मीही तेच लिहिणार होते.

सिनॉप्सिसमधला प्रश्न आता असा आहे: मावळातून निघणाऱ्या गाड्यांत माणसं कशी राहत होती, आणि त्याच्या खुणा गाडीवर कुठे उरतात? पुरावा अर्थातच अवघड. सतरंजी संग्रहालयात जात नाही, आणि मॅटॅडोर भंगारात जातायत. आठवणी मिळतात, पण वळकटीचा फोटो कोण काढून ठेवतं?

एक खूण मात्र त्या दिवशीच मिळाली. छताच्या आतल्या कडेला समोरासमोर दोन लोखंडी आकडे वेल्ड केलेले होते. सामान बांधायला असतील असं मी वहीत लिहिलं. काकांनी वाचून मान हलवली. "झोळीचे आहेत ते. पोरगं झोपवायला." अंतर मोजलं, चार फूट दोन इंच. त्यानंतर तीन मॅटॅडोर बघितल्या. एकीत तसेच आकडे सापडले, दुसरीत नुसते वेल्डिंगचे डाग. तिसरीची वेळ घेऊन मी वडगावला पोचले तेव्हा ती दोन दिवसांपूर्वीच कापली गेली होती.