जूनचा खर्च आणि नववीची वेस

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शुल्कमाफी मिळाली. तथापि गरीब घराची शाळेसाठीची ओढाताण त्याने संपली नाही. महाराष्ट्रातील सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत आठवीपर्यंत बालभारतीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, तसेच समग्र शिक्षा या केंद्र व राज्याच्या संयुक्त योजनेतून दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये धरलेले असतात, म्हणजे कापड आणि शिलाई मिळून एका गणवेशाला ३०० रुपये. वह्या, दप्तर, कंपासपेटी आणि पावसाळी चपला मात्र बहुतेक घरांना पदरमोड करूनच घ्याव्या लागतात.

हा खर्च वर्षभर थोडाथोडा न येता जूनमध्ये एकदम येतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा पैसा तेव्हा बियाण्या-खतात गुंतलेला असतो, बांधकामावरच्या मजुराचे काम पावसाने मंदावलेले असते, आणि दोन-तीन मुले शिकत असली की वह्यांचे डझन एकाच आठवड्यात घ्यावे लागतात. त्यामुळे दुकानातली उधारी, बचत गटाचे कर्ज किंवा नातेवाइकांकडची उसनवारी यांवाचून इलाज उरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला, हे स्वागतार्हच. पण करमाफीने किंमत थोडी उतरते, जूनमध्ये हाती नसलेली रोकड तिने येत नाही.

सरकारी मदतीच्या रकमा महागाईशी जोडलेल्या नसतात, हा याहून गंभीर दोष होय. दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ मध्ये सुरू झालेला उपस्थिती भत्ता हजेरीच्या दिवसाला एक रुपया होता आणि तीन दशके उलटली तरी तो तेवढाच राहिला. ज्या मुलींसाठी योजना आखली, त्यांच्याविषयीची ही अनास्था अक्षम्य आहे.

नववीत तर मोफत पाठ्यपुस्तके आणि गणवेश दोन्ही थांबतात, विषयवार वह्या व मार्गदर्शके वाढतात आणि शिकवणीचा खर्चही समोर उभा राहतो. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कौटुंबिक व्यवसायासारखे अपवाद वगळता, बंदी आहे, पण चौदा पूर्ण झालेल्यांना केवळ धोकादायक कामे वर्ज्य आहेत. म्हणजे ज्या वर्षी मुलाच्या शिक्षणाचा पूर्ण भार घरावर येतो, त्याच वर्षी त्याची मजुरी कायदेशीर ठरते.