मावशी, सहरीला काय खाता?

अम्मीला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. यातली पहिली सात वर्षे तिने रोजे ठेवते हे डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. ‘सांगितलं तर नको म्हणतील,’ एवढे साधे कारण. गोळी कधी सहरीला, कधी इफ्तारला, कधी राहूनच जायची. चार वर्षांपूर्वी विसाव्या रोज्याला, असरच्या नमाजसाठी उठताना तिचे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि ती मला थोरल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. साखर मोजली तर ५४. मी साखरेचे पाणी पुढे केले, तिने ओठ घट्ट मिटले. इफ्तारला दीड तास होता. शेवटी शेजारच्या खालाने दटावले तेव्हा प्याली. नंतर रडली ती रोजा मोडला म्हणून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषधे बदलली आणि आम्हाला रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवले. आता छापील तक्ता हातात पडणार, आठला नाश्ता, एकला जेवण, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘मावशी, सहरीला काय खाता?’ अम्मी माझ्याकडे बघू लागली. मॅडम म्हणाल्या, ‘माझी आई एकादशी सोडत नाही. साबुदाण्याच्या खिचडीनं तिचीही साखर अशीच चढते.’ मग अम्मी बोलती झाली.

सहरीला चहा, दोन टोस्ट, कधी दुधातल्या शेवया, तेही वेळ संपायच्या तासभर आधी. इफ्तारला पाच-सहा खजूर, सरबत, भजी, मोसंबीचा रस. तरावीहनंतर पुन्हा जेवण. मॅडमनी सगळे लिहून घेतले. टोस्ट-शेवया म्हणजे मैदा. साखर झटकन वर जाते आणि दुपारपर्यंत पोटात काही उरत नाही. त्याऐवजी शाळूची भाकरी, घट्ट वरण किंवा अंडे, दही. आणि सहरी अगदी शेवटच्या वेळेला. ‘पहाटे भाकरी कोण थापणार?’ अम्मीने विचारले. ‘रात्रीच थापून ठेवा,’ उत्तर आले. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी, मगरिबनंतर एकदाच नीट जेवण, भजी आठवड्यातून एखाद्या दिवशी. मोसंबीच्या रसाला मनाई हे मात्र जालनेकरांना पचणे कठीण. आपल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले! पण एका ग्लासाला तीन-चार फळे पिळली जातात आणि चोथा फेकला जातो. फोडी खा, म्हणाल्या. गोळ्यांच्या वेळांना मात्र त्यांनी हात लावला नाही. ते काम डॉक्टरांचे.

अम्मीसारखे लोक किती असतील? २००१ साली १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली होती. टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्क्यांनी किमान १५ रोजे ठेवले होते, आणि साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण त्यांच्यात एरवीपेक्षा सुमारे साडेसात पट झाले होते. म्हणजे नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या मार्गदर्शनानुसार साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडायचा. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांनी सांगितले आहे, तरी आपल्याकडे अनेकजण त्या भीतीने दिवसभर तपासणीच करत नाहीत. आजाऱ्याला रोजा नंतर भरून काढण्याची, बरे होण्यासारखे नसेल तर फिदया देण्याची सवलत कुरआनातच आहे. ती घेतल्याने ईमान कमी झाले असे मानणारे आपणच.

आणि एकाचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. अम्मीला दोन खजूर चालतात. डायलिसिसवरच्या रुग्णाला तेच खजूर, केळी, मोसंबी पोटॅशियममुळे घातक ठरू शकतात. रक्तदाबवाल्याला गोडापेक्षा पापड-लोणच्यातले मीठ नडते. त्यामुळे मोबाइलवर फिरणारा ‘रमजान डाएट’ बघून ताट वाढू नये. सरकारी रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. खरे तर शाबानमध्येच जायला हवे, म्हणजे औषध बदलून बघायला वेळ मिळतो; पण रमजान सुरू झाला म्हणून दार बंद झालेले नसते.

पुढच्या वर्षी अम्मीने सतरा रोजे ठेवले, बाकीच्यांचा फिदया दिला. साखर मोजायचे यंत्र आता तिच्या जानमाजशेजारीच असते. दोन वेळा तिने स्वतःहून रोजा सोडला, मला नंतर कळले.

ज्या खालाने तिला दटावून पाणी पाजले, तिला स्वतःला सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तिनेही डॉक्टरांना काही सांगितलेले नाही, हे परवा समजले. मंगळवारी तिला घेऊन जातो आहे. गोळी कोणती चालू आहे ते तिला आठवत नाही. रिकामे पाकीट पिशवीत टाकून ठेवायला सांगितले आहे.